ढग हलवणारी श्रावस्ती

श्रावस्ती,

हे वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच. फोनवर अंगठ्याने सगळं वर ढकलत जातेस तसं नको. आणि सुरुवातीलाच सांगते, प्लगचं विचारायचं नाही. त्याचं काय झालं ते शेवटी येईल, तोवर दम धर.

इथल्या मराठी मंडळाचे लोक येऊन सांगून गेले, की यंदाच्या अंकासाठी दिल्लीतल्या आपल्या एखाद्या माणसावर लिहा. बाकीचे सगळे कोणा ना कोणा सचिवावर लिहिणार, हे मला न विचारता ठाऊक आहे. मी तुझ्यावर लिहितेय. परवानगी मागत नाही. काही चुकलं तर खाली येऊन भांड, चहा ठेवीन. आता जरा बाजूला बस आणि मला लोकांशी बोलू दे.

*

श्रावस्ती रामटेके दिल्लीच्या द्वारकेत, माझ्या वरच्या मजल्यावर, आईबरोबर राहते, गुरुग्रामच्या एका कंपनीत वॉशिंग मशीनची कंट्रोल बोर्डं तपासते आणि सुट्टीच्या दिवशी एक डबी बनवते. डबी साबणाच्या डबीहून थोडी मोठी. एका अंगाला दोन वायरी शेपट्यांसारख्या लोंबणाऱ्या, दुसऱ्या अंगाला चार तोंडं. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता त्यांना आठवत असेल, त्याला रिमोट लावायला दोनच जागा असायच्या. या डबीच्या शेपट्या त्या दोन जागांत खुपसायच्या, की चार रिमोट लागतात आणि चौघं एकदम खेळू शकतात. इंग्रजीत त्याला मल्टिप्लेअर अ‍ॅडाप्टर म्हणतात. श्रावस्तीची आई कमलाबाई त्याला ‘चौतोंडी’ म्हणते, आणि आमच्या सोसायटीत तेच नाव रुळलंय.

तिच्या आतला कारभार श्रावस्तीने मला एकदा समजावला होता, तो मला समजला म्हणजे कोणालाही समजेल. यंत्र सारखं विचारत असतं, ‘एक नंबर, काय दाबलंस? दोन नंबर, तू काय दाबलंस?’ पोस्टाच्या दोन खिडक्या समजा. चौतोंडी काय करते, एकच्या मागे तीनला आणि दोनच्या मागे चारला रांगेत उभं करते. पुढच्याचं सांगून झालं, की मागचा त्याच खिडकीतून आपलं म्हणणं मांडतो. मात्र मागच्याचं ऐकून घ्यायची तयारी कॅसेटची, म्हणजे यंत्रात घातलेल्या खेळाची, हवी. काही कॅसेटी चौघांचं ऐकतात. बऱ्याच कॅसेटी दोघांवर खिडकी लावून घेतात, आणि मागे आणखी कोणी उभं आहे हे दिसलं की बिथरतात. म्हणून श्रावस्तीने डबीच्या कडेला एक बारीक खटका ठेवला. इकडे सरकवला की दोन, तिकडे सरकवला की चार. खटका दोनवर असला, की मागची दोन तोंडं मुकी. हा खटका लक्षात ठेवा.

आता ती हे का करते ते.

श्रावस्तीचे वडील बबनराव वर्ध्याहून दिल्लीला आले ते मंत्रालयात नोकरी लागली म्हणून. आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर. मोठा सिद्धांत, मधला सुयश आणि बरीच उशिरा झालेली श्रावस्ती. बबनरावांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी पालिका बाजारातून व्हिडिओ गेम आणला आणि घरातली शांतता संपली. रिमोट दोन आणि हात लागलेले सहा. दोघं भाऊ पुढे बसायचे, आणि चार-पाच वर्षांची श्रावस्ती मागे उभी राहून भोंगा लावायची.

थोड्याच दिवसांत सुयशने ओढाताण करून एका रिमोटची वायर तोडली. बबनरावांनी नवा आणला. जुन्याचा प्लग कापून कुठेतरी दुसरीकडे वापरला. राहिला तो बिनप्लगाचा, बिनकामाचा रिमोट. तो पाहून कमलाबाईंना सुचलं. पोरांच्या खेळात लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो पळतो, पकडतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचा गुण धरत नाहीत. कमलाबाईंनी तो रिमोट श्रावस्तीच्या हातात दिला, वायरीचं टोक टीव्हीच्या मागे सारलं आणि म्हणाल्या, “हा तुझा. आता तीपण खेळणार रे.”

“पण आई, मी कोण?” श्रावस्तीने विचारलं. बरोबरच होतं. पडद्यावर दोनच विमानं होती.

सिद्धांत पहिल्यापासून डोक्याने तल्लख. मान न वळवता म्हणाला, “तू ढग.”

आणि श्रावस्ती ढग झाली. दोन भाऊ विमानं उडवत आणि मागून पांढरे चौकोनी ढग सरकत, ते ती सरकवायची. अगदी मन लावून. शाळेतून आली की दप्तर टाकून पहिली रिमोटपाशी. कधी सुयशचं विमान पडलं तर तो खेकसायचा, “ढग मध्ये का आणलास?” आणि ती ओशाळून म्हणायची, “सॉरी दादा, हात सटकला.” पाहुणे आले की त्यांना बसवून दाखवायची, “बघा काका, आता मोठा येईल.” आणि मोठा ढग यायचा. येणारच होता. तिला सगळ्यांचा क्रम पाठ झाला होता.

हे किती काळ चाललं असेल? बरंच. पुढे तिला गालगुंड झालं. गळ्याला फडकं गुंडाळून ती पलंगावर पडलेली, रिमोट टीव्हीपाशी जमिनीवर, आणि भाऊ खेळत होते. तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. ढग चालले होते.

“दादा,” सुजलेल्या गालातून ती म्हणाली, “ढग कोण हलवतंय?”

सिद्धांत खरोखर सरकारी क्वार्टरातला मुलगा. एक क्षण नाही घेतला. म्हणाला, “तू सिक लीव्हवर आहेस ना? तुझ्या जागी बदली माणूस लावलाय.”

तिने तेही मानलं असतं. पण सुयशला हसू आवरलं नाही. तो असा फुटला की रिमोट टाकून गडाबडा लोळला. श्रावस्ती फडक्यासकट उठली, टीव्हीमागे हात घातला आणि वायर ओढली. ती निघाली तशी निघतच आली, आणि शेवटी नुसतं कापलेलं टोक हातात.

रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईपुढे ते टोक धरलं. कमलाबाई पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, “अगं, घरात शांतता राहिली की नाही? तूही खूश होतीस.” आणि ती होती. त्या दिवसानंतर ती टीव्हीसमोर बसली नाही. भाऊ “ये ना, खराखुरा देतो” म्हणाले, तरी नाही. भावांचाही खेळ लवकरच सुटला. क्रिकेट आलं, दहावी आली, मिशा आल्या.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. श्रावस्तीने इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, ते याच्यामुळे घेतलं असं मी ठासून सांगणार नाही, कारण तीच कबूल करत नाही. पण नोकरी लागल्यावर, बबनराव गेल्यावर, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सामान लावताना माळ्यासाठी बांधलेल्या खोक्यातून तो व्हिडिओ गेम निघाला. तिने तो टेबलावर ठेवला, उघडला, आणि तिथून पुढे तिची सुट्टी गेली ती गेलीच.

पहिली चौतोंडी साफ फसली. तिने चारही रिमोटांच्या तारा एकाच जागी जोडल्या. ऑफिसात घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत चौघांच्या हातात रिमोट दिले. पडद्यावर गाडी एकच! एक डावीकडे वळवतोय, दुसरा उजवीकडे, तिसरा ब्रेक दाबतोय, चौथा वेग वाढवतोय. गाडी गरगर फिरली आणि खड्ड्यात गेली. तिच्या शेजारच्या टेबलावरचा अंशुमन हसत हसत म्हणाला, “मॅडम, ये तो बिल्कुल हमारी टीम है. इसको ऐसे ही रहने दो, ट्रेनिंग में काम आएगा.”

तिने ठेवली नाही. तिला एका गाडीला चार हात नको होते, चार जणांच्या चार गाड्या हव्या होत्या. मग रांगेची युक्ती आली, मग खटका आला. जुन्या खेळांचे शौकीन देशभर असतात, त्यांचा एक ग्रुप असतो. तिथे तिने चौतोंडीचा फोटो टाकला आणि इंदूरपासून कोच्चीपर्यंत मागणी आली. ती बनवून पाठवते. कोणी बदल्यात कॅसेट पाठवतो, कोणी चिवडा. चौघांचं ऐकणारी फुटबॉलची एक कॅसेट तिला अशीच मिळाली.

कॅसेट हातात आली आणि तिच्या मनात एक गोष्ट बसली. सिद्धांतदादा, सुयशदादा, आई आणि आपण. त्याच यंत्रावर. एकदा. आणि आपण ढग नाही.

हे ती कोणाला बोलली नाही. चाळिशीला टेकलेल्या बाईने हे बोलायचं तरी कसं? पण वेळ थोडा उरला होता. सिद्धांत आता मोठा सरकारी अधिकारी, त्याची गुवाहाटीला बदली झाली होती. सुयश गुरुग्रामच्या त्या उंच टॉवरांपैकी एकात राहतो आणि फोनवर राहतो. दोघं एकत्र यायचे ते बुद्धपौर्णिमेला, आईच्या हातच्या खिरीसाठी. त्यानंतर सिद्धांतचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं. म्हणजे हीच एक पौर्णिमा.

आदल्या दिवशी तिने चौतोंडी चारवर ठेवून तपासली. एकटीच चारी रिमोट पुढे मांडून बसली आणि एकेक दाबून पाहिला. चारी खेळाडू हलले. मग झोपली.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांत सगळे जमले, खीर गॅसवर आटत होती. श्रावस्तीने टीव्ही लावला. डबी पाहून सुयश म्हणाला, “हे काय, एक्स्टेंशन बोर्ड?”

“बस तर खरं.”

“मी एक नंबर,” सिद्धांत म्हणाला. पन्नाशीला आलेला माणूस, पण एक नंबर पकडायचा वेग तोच. सुयशने दोन घेतला. आणि श्रावस्तीने काय करावं? स्वतः बनवलेल्या डबीचं तिसरं तोंड निमूट स्वतःला घेतलं आणि चौथं आईला दिलं. तिला ते जाणवलंही नाही. धाकटेपण असं मुरलेलं असतं.

“मला कशाला रे यात ओढता?” कमलाबाई म्हणाल्या, पण रिमोट घट्ट धरला होता.

शिट्टी वाजली. सिद्धांतचा खेळाडू पळाला, सुयशचा पळाला. श्रावस्तीने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिचा खेळाडू मैदानावर खांबासारखा उभा. तिने वायर हलवून पाहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात ओरडले, “शाऊ, तू ढग!”

हसले ते प्रेमानेच हसले, हे मी मान्य करते. श्रावस्तीही हसली. रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, “थांबा, खीर बघते.” ती गेली असती. खीर वाढली गेली असती, सिद्धांत गुवाहाटीला गेला असता आणि ती डबी कपाटात.

तेवढ्यात कमलाबाई म्हणाल्या, “माझंच काहून हलत नाही रे?”

“आई, तू प्रेक्षक हलव,” सिद्धांत म्हणाला. “ते बघ, मागे टाळ्या वाजवतायत. ते तुझे.”

“प्रेक्षक?” कमलाबाईंनी चष्मा वर केला. “मी तुला हलवीन. मघापासून दाबून दाबून अंगठा दुखला माझा. मला काय कच्चा लिंबू समजलात?”

बोलल्या आणि थांबल्या. हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे.

“असंच धरून बसायचीस होय गं तू?”

“हो.”

“आणि तुला वाटायचं, आपणच करतोय.”

“तुला नाही का वाटलं मघाशी? जरा वेळ?”

“वाटलं तर,” कमलाबाई म्हणाल्या. “तो लाल चड्डीवाला मला वाटलं मीच पळवतेय.” आणि लगेच आवाज चढवला, “सिद्धांत, उठू नकोस. सुयश, फोन ठेव. खीर काही पळून जात नाही. शाऊ, आधी हे नीट कर. माझं पण आणि तुझं पण.”

श्रावस्ती खाली बसली, डबी हातात घेतली, उलटी केली. आणि तिला दिसलं. खटका दोनवर.

“आई, तू हे पुसलंस का?”

“पुसणार नाही तर काय? सणाचा दिवस. सकाळी ओल्या फडक्याने सगळं टेबल लख्ख केलं.”

“खटका सरकला तुझ्या फडक्याने.”

कमलाबाईंनी वाकून खटका निरखून पाहिला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “म्हणजे दोन्ही वेळा मीच की गं!”

यावर जे हसू उठलं ते खालच्या मजल्यावर माझ्या घरी ऐकू आलं. मला वाटलं, गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून ओरडतायत. खटका चारवर सरकला, शिट्टी पुन्हा वाजली, आणि आईमुलगी एकीकडे, दोघं भाऊ एकीकडे, असा सामना जुंपला.

कमलाबाईंनी पहिल्या फटक्यात चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला आणि टाळ्या पिटल्या. कोणता गोल कोणाचा, हे त्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही. “गेला ना आत? मग झालं.” सुयश पूर्वीसारखाच रिमोटसकट अंग वळवून वळवून खेळत होता. श्रावस्ती आधी जपून, मग हळूहळू पुढे सरकून, मग गुडघ्यांवर. आणि मग तिने सिद्धांतच्या पायातून चेंडू काढला, मैदानभर नेला आणि ठोकला.

“ए, हा गोल धरायचा नाही!” सिद्धांत सवयीने ओरडला. “ती…”

“ती काय?” सुयशने विचारलं.

सिद्धांतने श्रावस्तीकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर तशीच, केस विस्कटलेले, रिमोट छातीशी धरलेला, आणि त्याच्याकडेच बघत होती. हसत नव्हती. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला घाम फुटला म्हणतात.

“ती… ऑफसाइड होती,” तो म्हणाला.

“दादा, या गेममध्ये ऑफसाइड नसतं.”

“नसतं?”

“नसतं.”

“मग धरला,” सिद्धांत म्हणाला. “चल, धरला बाबा. आणि पुढच्या वेळी एक नंबर तुझा. डबी तूच बनवलीस, मागे जाऊन कसली बसतेस?”

खीर तळाला लागली. सगळ्यांनी ती तशीच, करपट वासाची, वाटीवर वाटी खाल्ली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. निघताना सिद्धांतने गाडीतून एक पिशवी आणून श्रावस्तीच्या हातात दिली. बदलीच्या सामानात त्याला जुन्या ट्रंकेच्या तळाशी काहीतरी सापडलं होतं. तो बिनप्लगाचा रिमोट. तो त्याने का ठेवला होता, कोण जाणे, विचारलं तर म्हणाला, “असंच, राहून गेला.”

ट्रक गुवाहाटीला पोचला. आता तिकडूनही तगादा लागलाय, की मला एक चौतोंडी पाठव, इथे शेजारी चांगले आहेत. ती बनवतेय. या वेळी खटक्यावर तिने झाकण बसवलंय, कमलाबाईंचं फडकं पोचू नये म्हणून.

*

तर श्रावस्ती, आता प्लग.

तू तो रिमोट मला आणून दिलास आणि म्हणालीस, “काकू, तुम्ही चष्म्यासाठी चांदणी चौकात जाणारच आहात, तर समोर लाजपत राय मार्केटला याच्या मापाचा जुना प्लग मिळतो. तेवढा आणा, बाकी मी बसवते.” मी म्हटलं, आणते. पहिल्या खेपेला चष्मा घेतला, जिलबी घेतली, ऊन फार होतं. दुसऱ्या खेपेला दुकानापर्यंत गेले. रिमोट पिशवीतून काढलासुद्धा. दुकानदार म्हणाला, “हाँ माताजी, क्या चाहिए?” मी म्हटलं, काही नाही, रस्ता विचारायचा होता. त्याने मला मेट्रोचा रस्ता सांगितला, जो मला चांगला माहीत आहे.

घरी येऊन बाल्कनीत बसले. द्वारकेच्या आभाळात नेहमी धूळ असते, पण त्या दिवशी वारा होता आणि टॉवरांच्या मागून चांगले दोन-तीन पांढरे ढग येत होते. रिमोट हातातच होता, अंगठा बटणावर.

प्लग आणलेला नाही. तूही नंतर विचारलं नाहीस.